लेखनसल्ला : माझी राणी ‘गरीब गाय’ वाटते, काय करू?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सांगलीला एका सहकारी बँकेत नोकरी करते आणि बऱ्याच वर्षांपासून फावल्या वेळात एक ऐतिहासिक कादंबरी लिहीत आहे. पंधराव्या शतकातल्या इंग्लंडची राणी ॲन नेव्हिल ही तिची नायिका. लँकेस्टर आणि यॉर्क या घराण्यांचे वैर पेटलेले असताना तिचे पहिले लग्न एका बाजूला झाले आणि दुसरे विरुद्ध बाजूला. मी तिला प्रेमळ, कुणावरही विश्वास टाकणारी, कुणाचे वाईट न चिंतणारी अशी रंगवली आहे. हस्तलिखित वाचणाऱ्या मैत्रिणींचे म्हणणे असे की ही नायिका म्हणजे गरीब गाय आहे, सगळे तिच्या बाबतीत घडत जाते आणि ती नुसती सोसते. एका संपादकांनी तिला थोडी कारस्थानी करण्याचा, निदान तिच्या कमरेला एखादी कट्यार आणि हाताशी एखादा हेर देण्याचा सल्ला दिला. माझे मन त्याला तयार होत नाही. शिवाय तिच्या नवऱ्याच्या दोन पुतण्यांचे काय झाले हे तिला ठाऊक होते की नव्हते, हेही मला ठरवता येत नाही. पहिली सहा प्रकरणे आणि पुढचा आराखडा सोबत जोडला आहे.

उत्तर : सप्रेम नमस्कार. सहाही प्रकरणे लक्षपूर्वक वाचली. कट्यार देऊ नका आणि हेरही नको. संपादकांना जे खटकले ते खरे आहे, पण त्यांनी सुचवलेला उपाय चुकीचा आहे. ॲनला कारस्थानी केलीत तर तुमच्या हाती एक दुसरीच बाई उरेल, आणि तशा बायका त्या काळाच्या इतिहासात आधीच पुष्कळ आहेत.

माझ्या मते अडचण अशी आहे की तुम्ही तिचा चांगुलपणा आणि तिचा भोळेपणा यांची एकच मोट बांधली आहे. तिला काही माहीत नाही म्हणून ती सगळ्यांशी प्रेमाने वागते, असा अर्थ तुमच्या पानापानांतून निघतो, आणि त्यामुळे ज्या दिवशी तिला सगळे कळेल त्या दिवशी हिचा चांगुलपणा संपणार, अशी खूणगाठ वाचक मनाशी बांधून बसतो. या दोन गोष्टी सोडवून वेगळ्या करा. भोळेपणा हा स्वभावाचा भाग थोडा आणि व्यवस्थेचा भाग जास्त असतो : कुणाला काय सांगायचे, काय दडवायचे आणि कधी सांगायचे हे घरातली मोठी माणसे ठरवतात, आणि तसे ठरवण्यात त्यांचा फायदा असतो. चांगुलपणा मात्र ज्याचा त्याने करायचा असतो, त्याला काही ना काही खर्च पडतो, आणि कधीकधी तो अंगाशीही येतो. तुमच्या सहा प्रकरणांत ॲनला एकदाही असा खर्च आलेला नाही.

या सदराच्या इतर वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. ॲनचा जन्म ११ जून १४५६ रोजी वॉरिकच्या किल्ल्यात झाला. तिचा बाप वॉरिकचा अर्ल रिचर्ड नेव्हिल हा त्या काळचा सर्वांत बलाढ्य सरदार होता, इतका की पुढच्यांनी त्याला ‘राजे घडवणारा’ असे नाव दिले. त्याला मुलगा नव्हता. इझाबेल आणि ॲन या दोनच मुली. १४६१ साली त्याने आपला आतेभाऊ, यॉर्क घराण्याचा चौथा एडवर्ड, याला गादीवर बसवायला हात दिला, पुढे त्याच्याशी बिनसल्यावर थोरल्या मुलीचे लग्न राजाच्या धाकट्या भावाशी, क्लॅरेन्सचा ड्यूक जॉर्ज याच्याशी, राजाची मनाई असताना लावून दिले, आणि १४७० मध्ये तर थेट लँकेस्टर घराण्याला जाऊन मिळाला. सोयरिकीने वैर मिटत नाही, फार तर त्याचा पत्ता बदलतो, हे मराठी वाचकाला वेगळे शिकवावे लागणार नाही. शिर्के आणि भोसले यांच्यातले साटेलोटे आणि त्यानंतरचा वतनाचा तंटा त्याच्या कानावर असतोच. तेव्हा या दोन घराण्यांची वंशावळ समजावण्यात तुम्ही पहिल्या प्रकरणाची जी अकरा पाने घालवली आहेत, ती खुशाल तीनवर आणा.

आता दुसऱ्या प्रकरणाकडे येऊ. जुलै १४७० मध्ये फ्रान्सातल्या आँजे गावी ॲनचा वाङ्‌निश्चय लँकेस्टरच्या युवराजाशी, एडवर्डशी, झाला. तुम्ही तिथे मेणबत्त्या, झगे आणि चर्चमधले गायन यांचे सुरेख वर्णन केले आहे, परंतु त्या मुलीला त्या दिवशी काय ठाऊक होते आणि काय नव्हते याचा एक शब्दही लिहिलेला नाही. विचार करा. युवराजाची आई, अँजूची मार्गारेट, हिच्या पक्षाने दहा वर्षांपूर्वी, डिसेंबर १४६० मध्ये, ॲनच्या सख्ख्या आजोबांचा शिरच्छेद करून ते मुंडके यॉर्क शहराच्या वेशीवर टांगले होते. ॲन तेव्हा चार वर्षांची होती, पण हे घरात कुणी विसरले असेल असे संभवत नाही. आता तिच्या डोळ्यांदेखत किंवा तिच्या माघारी, तिचा बाप त्याच मार्गारेटसमोर गुडघे टेकून बसला आणि तिने त्याला बराच वेळ तसाच ताटकळत ठेवला. ज्या मुलाशी तिचे लग्न ठरले तो तेरा वर्षांचा असतानाच मिलानच्या वकिलाने आपल्या धन्याला कळवले होते की या पोराच्या तोंडी मुंडकी उडवण्याच्या आणि लढायांच्या गोष्टींखेरीज दुसरे काही नसते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे त्या कराराची अट : मुलगी मार्गारेटच्या ताब्यात राहील, आणि वॉरिक इंग्लंडात जाऊन राज्याचा बराचसा भाग जिंकून देईपर्यंत लग्न पुरते झाले असे धरले जाणार नाही. तुम्ही बँकेत आहात, तेव्हा तारण म्हणजे काय आणि कर्ज फिटेपर्यंत ते कुणाच्या तिजोरीत राहते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळते. १३ डिसेंबर १४७० रोजी लग्न लागले तेव्हा ॲन चौदा वर्षांची होती. ही अट तिला कुणी सांगितली होती का? सांगितली असेल तर कुणी, कोणत्या शब्दांत? दुसरे प्रकरण या प्रश्नावर उभे करा. मेणबत्त्या मग आपोआप मागे सरतील.

भोळेपणाबद्दल लिहिताना तो नेमका कशाबाबत आहे हेही ठरवावे लागते, कारण सगळ्याच बाबतींत भोळे माणूस नसते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये वॉरिक आपल्या कुटुंबकबिल्यासह समुद्रमार्गे पळाला, तेव्हा कॅले बंदराने त्याला आत घेतले नाही, आणि किनारा समोर दिसत असताना जहाजावरच इझाबेल बाळंत झाली. बंदराच्या अधिकाऱ्याने मेहरबानी म्हणून बाळंतिणीसाठी दारूचे दोन बुधले तेवढे पाठवले. मूल दगावले. तुम्ही हा प्रसंग एका दासीच्या तोंडून, चार ओळींत, घडून गेल्यावर सांगितला आहे, आणि मला वाटते ही तुमच्या हस्तलिखितातली सर्वांत महागात पडलेली काटकसर आहे. ॲन जहाजावर होती. तेरा वर्षांच्या मुलीने अरुंद खोलीत बहिणीचे बाळंतपण पाहिले, बापाची सत्ता दोन बुधल्यांएवढी झालेली पाहिली. हे पाहिलेली मुलगी मरणाबाबत आणि माणसांच्या निष्ठुरपणाबाबत भोळी राहील, हे पटत नाही. ती भोळी असू शकते ती कागदांबाबत, करारांबाबत, आपला बाप आपल्यावर माया करतो म्हणून आपला सौदा करणार नाही या समजुतीबाबत. ही समजूत अगदी साधी आहे आणि कुठल्याही वाचकाच्या घरात सापडणारी आहे. तिला बावळट म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही.

चौथे प्रकरण, म्हणजे १४ एप्रिल १४७१, हे तुम्ही चांगले लिहिले आहे. मार्गारेट, युवराज आणि ॲन ज्या दिवशी वेमथला उतरले त्याच दिवशी लंडनजवळ बार्नेटच्या लढाईत वॉरिक मारला गेला. ही बातमी त्यांना सर्नच्या मठात मिळाली. मुलीचे रडणे तुम्ही नेटके सांभाळले आहे. पण त्या क्षणी तिची किंमतही शून्यावर आली, हे त्या मठातल्या प्रत्येकाला कळले असणार, आणि तिला ते कुणाच्या तरी वागण्यातून कळायला हवे : जेवणाच्या वेळी बसायची जागा बदलते, सेवेला दिलेल्या बायकांपैकी एक परत येत नाही, असे काही. इथे एक सावधगिरी बाळगा. मार्गारेटला मालिकांतली खाष्ट सासू करण्याचा मोह तुम्हाला दोनदा झालेला दिसतो. ती बाई वेडसर झटके येणाऱ्या नवऱ्याच्या आणि एकुलत्या एक मुलाच्या वतीने वर्षानुवर्षे लढत आली होती, आणि ज्याच्या सैन्यावर तिची भिस्त होती तो माणूस आता नव्हता. तिला सुनेचा छळ करायला सवड नव्हती. तिने सुनेकडे पाहिलेच नसेल, आणि ते जास्त लागते. तीन आठवड्यांनी, ४ मे रोजी, ट्यूक्सबरीला युवराजही पडला. ॲन विधवा झाली तेव्हा तिला पंधरावे वर्ष पुरे व्हायचे होते.

सहाव्या प्रकरणात ग्लॉस्टरचा ड्यूक रिचर्ड, म्हणजे राजाचा सर्वांत धाकटा भाऊ, घोड्यावरून येऊन तिला सोडवतो. ॲन तेव्हा मेहुण्याच्या, क्लॅरेन्सच्या, ताब्यात होती. वॉरिकची सगळी दौलत दोन मुलींत वाटली जाणार होती आणि क्लॅरेन्सला ती सगळी हवी होती, म्हणून धाकटीचे लग्न होऊ नये यासाठी त्याने तिला लंडनमध्ये स्वयंपाकघरातल्या मोलकरणीच्या वेषात लपवून ठेवले आणि रिचर्डने तिला हुडकून काढले, अशी हकिगत क्राउलंडच्या मठातल्या वृत्तांतात आहे. कादंबरीकाराला ती सोडवणार नाही हे उघड आहे, जरूर वापरा. मात्र तुम्ही तिथे ॲनला भांडी घासत, उसासे टाकत बसवले आहे. दुसरी बाजू पाहा. आयुष्यात प्रथमच ती अशा जागी आहे जिथे तिच्यासमोर कुणी बोलणे आवरते घेत नाही. मोलकरणीसमोर माणसे काय वाटेल ते बोलतात. आपली वाटणी किती, ती कुणाला हवी आहे आणि कशासाठी, हे तिला इथेच कळू द्या. तुमच्या संपादकांना हवा असलेला हेर तुम्हाला फुकटात मिळाला.

त्यानंतर रिचर्डने तिला थेट आपल्या घरी नेले नाही. सेंट मार्टिन्स ल ग्रँड या धर्मसंस्थेच्या आश्रयाला ठेवले, जिथे कायद्याने तिला कुणी हात लावू शकत नव्हते. म्हणजे बाप, सासू आणि मेहुणा यांच्यानंतर प्रथमच ती कुणा नातेवाइकाच्या छपराखाली नव्हती. मिडलहॅमच्या किल्ल्यात रिचर्ड लहानपणी तिच्या बापाच्या पदरी शिकायला होता, तेव्हा तो तिला परका नव्हता. त्याला तिची दौलत हवी होती आणि तिला क्लॅरेन्सपासून दौलत वाचवणारा नवरा हवा होता; आणि याच्या जोडीने जुनी ओळख, थोडी माया असे काही असेलही. हे सगळे एकत्र असू शकते. दोघांनी १४७२ मध्ये लग्न केले. ‘त्याने तिला वाचवले’ याऐवजी ‘तिने होकार दिला’ असे ते प्रकरण लिहून पाहा.

आणि आता मी ज्या प्रसंगासाठी हे सगळे सांगत आलो तो प्रसंग. तुमच्या आराखड्यात सातव्या प्रकरणाखाली एकच ओळ आहे : ‘ॲनच्या आईची मालमत्ता मुलींना मिळते.’ या ओळीवर कादंबरी उभी राहू शकते. वॉरिकच्या दौलतीचा मोठा हिस्सा मुळात त्याचा नव्हताच, तो त्याच्या बायकोचा, ॲन बोशॅम्पचा, माहेरचा वारसा होता. नवरा बार्नेटला पडल्यावर ती ब्यूलीच्या मठात आश्रयाला राहिली. तिथून तिने राजाला, राणीला, राजाच्या आईला, राजाच्या बहिणींना, अगदी राणीच्या आईलाही पत्रे पाठवली, आणि लिहायला कारकून मिळेना तेव्हा राजाला स्वतःच्या हाताने लिहिले, अशी नोंद तिच्या अर्जातच आहे. १४७३ मध्ये रिचर्डच्या माणसाने तिला मठातून बाहेर काढून उत्तरेकडे, जावयाच्या मुलखात, नेले. आणि १४७४ मध्ये संसदेने कायदा केला की ही सरदारीण जणू आजच निसर्गतः मरण पावली आहे असे समजून तिची मालमत्ता दोन्ही मुलींच्या नवऱ्यांत वाटून द्यावी. याच कायद्यात आणखी एक कलम होते : रिचर्ड आणि ॲन यांचे लग्न पुढेमागे रद्द ठरले, तरी रिचर्डने दुसरे लग्न केले नाही तर जमिनी त्याच्याकडेच राहाव्यात.

कल्पना करा. आई जिवंत आहे, बहुधा त्याच किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाच्या दालनात आहे, जेवते आहे, खोकते आहे, आणि कायद्याने ती मेलेली आहे. मुलीच्या ताटात जे वाढले जाते ते त्या मेलेल्या बाईच्या जमिनीतून आलेले आहे. आणि हा कागद तिच्या नवऱ्यासाठी आणि तिच्या मेहुण्यासाठी झाला, पण तिच्या नावावाचून तो झाला नसता. तुमची दयाळू ॲन इथे काय करते? ती आईला म्हणते का, की तुला माझ्याकडे काही कमी पडणार नाही? असे म्हणणे दयाळूपणाचे आहे आणि भयंकरही आहे. ती नवऱ्याजवळ शब्द टाकते का? टाकला तर ते दुसरे कलम तिच्या कानावर कसे येते? ती सही नाकारू शकत नाही, कारण तिची सही कुणी मागितलेलीच नाही. तिच्या हातात राहते ते एवढेच, की रोज सकाळी त्या दालनात जायचे की नाही. तिला तिथे जायला लावा. पहिले काही दिवस आई तोंड फिरवून बसेल, तरीही जायला लावा. मग मला सांगा की तुमच्या मैत्रिणी हिला गरीब गाय म्हणतात का.

दयेचा प्रसंग कसा लिहावा याचा एक नमुना देतो. ॲननंतरची राणी म्हणजे यॉर्कची एलिझाबेथ, चौथ्या एडवर्डची मुलगी. तिचेही लग्न वैऱ्याच्याच घरात झाले, १४८६ साली, सातव्या हेन्रीशी. तिच्या खासगी खर्चाची १५०२-०३ सालची वही शिल्लक आहे. राणीचे झगे पुन्हा पुन्हा दुरुस्त केल्याच्या, काठ बदलल्याच्या नोंदी तिच्यात आहेत, बुटांना साधे पत्र्याचे बक्कल लावल्याच्याही आहेत. या वहीत एक नोंद अशी : पॉन्टिफ्रॅक्टचा एक माणूस, जो स्वतःबद्दल असे सांगतो की अर्ल रिव्हर्स मरणसमयी त्याच्या घरी उतरले होते, त्याला दान, १२ पेन्स. रिव्हर्स म्हणजे एलिझाबेथचा मामा. ॲनचा नवरा रिचर्ड याने जून १४८३ मध्ये त्याला पॉन्टिफ्रॅक्टला ठार मारवले होते. जवळजवळ वीस वर्षांनी कुणी एक म्हातारा दाराशी येतो आणि सांगतो की तुमचे मामा शेवटी माझ्या घरी होते. कारकुनाला त्याचा भरवसा वाटलेला नाही. ‘स्वतःबद्दल असे सांगतो’ हे त्याने मुद्दाम लिहून ठेवले आहे. राणीलाही तो खोटारडा असण्याची शक्यता कळली नसेल असे मी मानत नाही. तिने पैसे दिले. तुमच्या सहा प्रकरणांत ॲन भिकाऱ्यांना नाणी वाटते, आजारी दासीच्या उशाशी बसते, पक्षी पिंजऱ्यातून सोडते (हा पक्षी कृपा करून काढून टाका), आणि या सगळ्यापेक्षा ही एक ओळ जास्त काम करते, कारण तिच्यात देणाऱ्याला फसले जाण्याची जाणीव आहे.

ॲनच्या बाबतीत अशी वही हाती नाही, आणि तिच्या सौजन्याची जी स्तुती आपण वाचतो ती मुख्यतः वॉरिकजवळ राहणाऱ्या जॉन राउस नावाच्या धर्मगुरूची, म्हणजे तिच्याच घराण्याच्या पदरच्या माणसाची आहे. पण धागे आहेत. ती राणी झाल्यावर क्लॅरेन्सचा पोरका मुलगा, म्हणजे इझाबेलचा मुलगा, तिच्या घरी तिच्या देखरेखीखाली ठेवला गेला. क्लॅरेन्सला १४७८ मध्ये त्याच्याच भावाने, म्हणजे राजाने, देहदंड दिला होता, आणि बापावरचा कलंक पुसला गेला असता तर या आठ वर्षांच्या पोराचा गादीवरचा हक्क रिचर्डच्या आधी लागला असता. ज्या मेहुण्याने तिला स्वयंपाकघरात डांबले त्याचा हा मुलगा, जहाजावर मूल गमावलेल्या बहिणीचा हा मुलगा, आणि तिच्या स्वतःच्या मुलाच्या वाटेतला हा संभाव्य काटा. त्याला मायेने वाढवण्याची किंमत काय, हे आता निराळे सांगायला नको.

नावांचा गोंधळ तुम्ही पत्रात लिहिलेला नाही, पण तो वाचकाला नक्की जाणवेल. तुमच्या कादंबरीत चार एडवर्ड, तीन रिचर्ड, दोन ॲन आणि दोन मार्गारेट आहेत. पुरुषांना त्यांच्या जहागिरीच्या नावाने हाक मारा, म्हणजे वॉरिक, क्लॅरेन्स, ग्लॉस्टर. त्या काळी तशीच पद्धत होती आणि गावावरून माणूस ओळखणे आपल्यालाही सवयीचे आहे. आईला कादंबरीभर ‘आईसाहेब’ करू नका, नाहीतर वाचकाला रायगड दिसू लागेल.

६ जुलै १४८३ च्या राज्याभिषेकाचे प्रकरण थोडक्यात ठेवा. रिचर्ड आणि ॲन दोघे अनवाणी चालत वेस्टमिन्स्टरच्या चर्चमध्ये गेले, आणि ॲनच्या झग्याचा मागचा घोळ हातात धरून चालत होती ती मार्गारेट बोफर्ट, जिच्या मुलाने, हेन्री ट्यूडरने (हाच पुढे सातवा हेन्री), दोन वर्षांनी रिचर्डचे राज्य आणि प्राण दोन्ही घेतले. एवढे एक चित्र पुरे. ॲन मागे वळून पाहत नाही, कारण राणीने वळायचे नसते.

उरला पुतण्यांचा प्रश्न. चौथा एडवर्ड एप्रिल १४८३ मध्ये वारला. त्याचा बारा वर्षांचा थोरला मुलगा राजा होणार होता, त्याला आणि त्याच्या नऊ वर्षांच्या भावाला लंडनच्या टॉवरमध्ये ठेवले गेले, मुले अनौरस ठरवून काका, म्हणजे रिचर्ड, गादीवर बसला, आणि त्या उन्हाळ्यानंतर ती मुले कुणाला दिसली नाहीत. त्यांचे काय झाले यावर आजही वाद आहे, आणि तो वाद कादंबरीने मिटवण्याची गरज नाही. ‘तिला ठाऊक होते की नव्हते’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. चौदाव्या वर्षी तिला जे ठाऊक नव्हते ते इतरांनी ठाऊक होऊ दिले नव्हते. आता ती सत्तावीस वर्षांची आहे. आईचे प्रकरण तिने पाहिले आहे, करारातल्या कलमांचा वास तिला दुरून येतो. सप्टेंबरमध्ये यॉर्क शहरात तिच्या स्वतःच्या मुलाला थाटामाटाने युवराजपद मिळते, आणि ते पद काल-परवापर्यंत कुणाचे होते हे तिला न कळणे अशक्य आहे. नवरा शेजारी बसलेला आहे, आणि विचारायचे तर एकच वाक्य विचारायचे आहे. तिने विचारले नाही, असे मी लिहीन. तुम्ही तिला विचारायला लावलेत तरी चालेल, पण मग रिचर्डला खरे किंवा खोटे उत्तर द्यावे लागेल आणि ते तुम्हाला ठरवावे लागेल. न विचारण्यात मात्र तिचा जुना भोळेपणा परत येतो, आणि या वेळी तो तिने स्वतः निवडलेला असतो. चांगल्या माणसाच्या हातून घडणारी ही गोष्ट आहे. तिच्याविषयी लिहिताना तिला माफ करण्याची घाई करू नका, आणि पुढे लगेच शिक्षाही देऊ नका. एप्रिल १४८४ मध्ये तिचा एकुलता एक मुलगा वारला आणि बातमी कळताच दोघे नवराबायको वेडेपिसे झाले असे वृत्तांतात आहे, पण हे देवाने घेतलेले उट्टे म्हणून लिहिलेत तर आधीचे सगळे फुकट जाईल.

शेवटच्या प्रकरणांबद्दल दोन गोष्टी. ॲन १६ मार्च १४८५ रोजी, अठ्ठाविसाव्या वर्षी वारली, आणि त्या दिवशी सूर्यग्रहण होते. ग्रहण खरे असले तरी आराखड्यात तुम्ही त्यावर जे प्रकरण बेतले आहे ते एका वाक्यात आटपा, कारण ते आधीच फार जणांनी वापरून झाले आहे. नवऱ्याने विष दिल्याच्या वावड्या उठल्या, आणि त्याच महिन्याच्या अखेरीला रिचर्डला लंडनच्या महापौरासमोर आणि नागरिकांसमोर उभे राहून जाहीर करावे लागले की आपल्याला पुतणीशी, म्हणजे एलिझाबेथशी, लग्न करायचे नाही. हा प्रसंग ठेवा.

पण कादंबरी तिथे संपवू नका. ज्या बाईला १४७४ मध्ये कायद्याने मारले होते, ती दोन्ही मुलींच्या मागे जगली. १४८७ मध्ये नव्या राजाच्या संसदेने तिची मालमत्ता तिला परत केली, ती एवढ्याचसाठी की तिने ती लगेच राजाच्या नावे करून द्यावी, आणि तिने ती करून दिली. ती १४९२ मध्ये वारली. या वेळी सही तिचीच हवी होती. त्या प्रकरणाला सहा-सात पाने पुरतील, परंतु ते शेवटी यायचे असेल तर सातव्या प्रकरणातले सकाळचे ते दालन आधी लिहून व्हायला हवे, म्हणून पुनर्लेखन पहिल्या प्रकरणापासून सुरू करण्याऐवजी सातव्यापासून करा, आणि जमल्यास मला तेवढेच पाठवा.